इकडे बघा, पैलवान

माझ्याकडे खेळांची फोटोग्राफी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर मी आधी एक चिंचोका ठेवते. धुतलेला, वाळवलेला, स्वच्छ. "हा तोंडात धरा. चावू नका, गिळू नका आणि सामना संपेपर्यंत बाहेर काढू नका," असं सांगते. लोक चिंचोक्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात आणि कॅमेऱ्याची बॅग परत खांद्याला अडकवून घरी जावं का, याचा विचार करताना दिसतात. येणारे बहुतेक सगळे नांदेडचे आणि आसपासचे लग्नाचे फोटोग्राफर. रविवारी सकाळी विष्णुपुरीच्या बाजूला एका मोकळ्या मैदानावर आम्ही जमतो. चिंचोका कशासाठी, असं कुणी विचारलंच, तर सरावासाठी बोलावलेल्या दोन पैलवानांकडे मी बोट दाखवते. त्यातला वयाने मोठा असलेला माझा नवरा आहे. माझं बोट उठलं की तो लगेच आकाशात घारी शोधायला लागतो.

हे सगळं समजायला आमच्या बैठकीची भिंत बघितली पाहिजे.

आमचे हे पंपहाऊसवर नोकरीला आहेत, पण गाव मुदखेडजवळ. गावात ह्यांची नोकरी काय, हे कुणाला माहीत नाही. तिथे ते पैलवान. मिसरूड फुटायच्या आधीपासून पंचक्रोशीतल्या जत्रांमध्ये कुस्त्या करत आलेले. त्या सगळ्या जत्रांचे फोटो भिंतीवर चौकटीत लावलेले आहेत आणि नवा पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला ते दाखवले जातात.

आता जत्रेतली कुस्ती आपली आपण सुरू होत नाही, ती लावावी लागते. दोन पैलवान आखाड्यात येतात, त्यांच्यामागून फेटे बांधलेली मंडळी येते, त्यातला मानाचा माणूस दोघांचे हात धरून एकमेकांच्या हातात देतो. मग बाकीचे मानाचे लोकही त्या हातांवर आपापले हात ठेवतात. फोटोग्राफर म्हणतो, "इकडे बघा." सगळे बघतात, पैलवानही बघतात. फोटो निघतो, मंडळी बाजूला होते आणि कुस्ती सुरू होते. तेवढ्यात फोटोग्राफर वळून पुढच्या जोडीच्या मंडळींकडे गेलेला असतो, कारण फलकावर छापायला फोटो लागतो तो त्यांना. खरी कुस्ती नेहमी फोटोग्राफरच्या पाठीमागे होते.

त्यामुळे आमच्या भिंतीवर हात धरलेलेच फोटो आहेत. एका फोटोत तर फेटेच फेटे आहेत आणि मधून एक कोपर बाहेर आलेलं आहे. ते कोपर आपलं आहे, असं हे सांगतात. मी लग्नाची बायको असल्यामुळे विश्वास ठेवते. आमच्या लेकीवर तशी काही सक्ती नाही. एकदा तिने सगळी भिंत नीट बघितली आणि विचारलं, "पप्पा, कुस्तीत नुसते हातच धरतात का?"

हे हसले. पण जेवताना म्हणाले, "औंदाच्या जत्रंला शेवटची कुस्ती. गुडघा ऐकंना झालाय. मग लंगोट खुंटीला." थोड्या वेळाने भाकरी मोडता मोडता म्हणाले, "एक फोटो पायजे मला. खेळतानाचा. हात धरल्याला नको."

हा माणूस स्वतःहून काही मागत नाही. सणाला शर्ट घ्या म्हटलं तर जुन्याची कॉलर उलटी करून घेऊ म्हणतो. मला मनातून फार बरं वाटलं. मी लगेच म्हणाले, "त्यात काय एवढं, काढू की." बायको फोटोग्राफर, नवरा पैलवान आणि एवढ्या वर्षांत हे कसं जमलं नाही, असा प्रश्न पडेल. तर जत्रेच्या दिवशी गावातल्या सुनेला आखाडा दिसत नाही, चुलीपुढचा धूर दिसतो. त्या दिवशी पाहुणे जेवायला यायचे ते पंगतींनी. ह्यांची कुस्ती मी आजवर फक्त हलगीच्या आवाजावरून ऐकलेली होती.

पण "काढू की" म्हणून बसले आणि मग विचार करायला लागले. माझा स्टुडिओ आहे तो लग्नं, डोहाळजेवणं आणि बारशांचा. आमच्या धंद्यात सगळं जग आमच्यासाठी थांबतं. हार नीट पडला नाही तर मी पुन्हा घालायला लावते. मंगळसूत्राच्या वेळी कुणाची पाठ आड आली तर गुरुजींना मंत्र मागे घ्यायला लावलेले आहेत. नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्या फोकसमध्ये आलं नाही, तर मी तिला प्रेमाने सांगते, "बाळा, परत एकदा आईकडे बघ बरं." ती बिचारी परत रडते. कुस्तीत हे कसं सांगणार? "पैलवान, जरा परत पडा"?

त्याच सुमारास आमच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपवर निरोप आला की लातूरला खेळांच्या फोटोग्राफीची दोन दिवसांची कार्यशाळा आहे, प्रत्यक्ष मैदानावर. मी नाव दिलं, लेकीला आत्याकडे सोडलं आणि पहाटेच्या एसटीने निघाले.

शिकवणारे सर उन्हात रापलेले, किडकिडीत आणि कमी बोलणारे होते. आयुष्य मैदानांच्या कडेला गेलेलं. पहिल्याच तासाला त्यांनी सगळ्यांच्या कॅमेऱ्यांच्या मागच्या पडद्यांवर चिकटपट्ट्या लावल्या. म्हणाले, "एक फोटो काढून तुम्ही मान खाली घालून बघत बसता. तेवढ्यात खेळ पुढं जातोय." आमच्यातल्या एकाने नंतर लपून पट्टीचा कोपरा उचलून बघितला, तर सरांनी पाठमोरे असूनही त्याला ओळखलं. पट्टी सोलताना चर्र आवाज होतो, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

मग त्यांनी साध्या साध्या गोष्टी सांगितल्या. ऊन कुठून येतंय ते आधी बघा आणि तिथे बसा जिथे खेळाडूच्या तोंडावर उजेड पडेल. फ्लॅश घरी ठेवा. शटरचा वेग वाढवा, नाहीतर पळणाऱ्या पोरीला चार हात दिसतील. खेळाडूच्या मागे कॅमेरा पळवू नका, तो जिथे येणार तिथे आधी जाऊन थांबा. बटण एकदा दाबून सोडू नका, दाबून धरा, म्हणजे फोटोंची अख्खी माळ निघते आणि त्यातला एखादा मणी कामाचा असतो. हे सगळं आम्ही वहीत उतरवून घेतलं आणि आता आपल्याला आलं, असं समजून मैदानात उतरलो.

मैदानावर मुलींचा खो-खो चालू होता. एक मुलगी खांबाकडे अशी झेपावली की आम्ही सगळे बटण दाबायचं विसरलो. तेवढ्यात उदगीरहून आलेला एक फोटोग्राफर गुडघ्यावरून उठला आणि अतिशय नम्रपणे ओरडला, "ताई, थांबा, थांबा, परत एकदा तिथून पळत या." आणि ती पोर खरंच थांबली. पाठलाग करणाऱ्या मुलीने शांतपणे येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला बाद केलं.

आम्ही पोट धरून हसलो. त्यानंतर माझा नंबर आला. पुढच्या डावात एक मुलगी माझ्या अगदी समोरून वळली, उजेड तिच्या गालावर होता, आणि माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, "बेटा, इकडे बघ, थोडं हस." तिने बघितलं. हसलीसुद्धा. तीही बाद झाली.

 सरांनी पिशवीतून खडीसाखरेचा पुडा काढला आणि प्रत्येकाच्या हातावर एक एक खडा ठेवला. "तोंडात धरा. हा आहे तोवर बोलायचं नाही." त्यांचे ओठ हसले नाहीत, पण मिशी हलली. आम्ही चांगल्या वयाची, लेकुरवाळी माणसं गाल फुगवून ओळीत बसलो. आणि खरं सांगायचं तर तिथून पुढे फोटो निघायला लागले. बोलायचं नाही म्हटल्यावर डोळ्यांना काम लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी माझ्या पडद्यावरची पट्टी स्वतःच्या हाताने काढली. एका फोटोत एक मुलगी खांबाला धरून जमिनीला आडवी तरंगत होती आणि तिची वेणी तिच्याही पुढे गेलेली होती. सर म्हणाले, "हां. हा तुम्ही बोलला न्हाईत म्हणून मिळाला." मला त्या एका वाक्याचा इतका आनंद झाला की परतीच्या एसटीत मी खडीसाखर खात बसले आणि शेजारच्या बाईशी एक शब्द बोलले नाही.

जत्रेच्या दिवशी मी चुलीपुढची जागा जावेला दिली आणि लांब लेन्स भाड्याने घेऊन आखाड्यावर गेले. बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर बसल्या होत्या. आखाड्याच्या कडेला मी एकटीच. ह्यांचे चुलते पंचमंडळात आहेत. आखाड्याचं बरंवाईट गेली कित्येक वर्षं त्यांच्याच शब्दावर चालतं. ते टोपी सारखी करत माझ्याकडे आले.

"सुनबाई, इथं कामून बसल्या? ट्रॉलीवर बसा, तिथनं समदं दिसतंय."

"मामंजी, ह्यांचा फोटो काढायचाय. खेळतानाचा."

त्यांनी आखाड्यात उभ्या असलेल्या पुतण्याकडे बघितलं. पुतण्या मान खाली घालून अंगाला माती चोळत होता. चुलते म्हणाले, "बसा मग. पर मातीत पाय ठेवू नका अन् कुस्ती चालू असताना तोंडातनं शब्द काढू नका."

मी तोंड उघडून खडीसाखर दाखवली. त्यांना काय समजलं कुणास ठाऊक, पण ते मान हलवून निघून गेले.

ह्यांची जोड चाकूरकडच्या एका तरुण पैलवानाशी होती. पोरगा विशी ओलांडलेला, मानेला आणि खांद्याला मध्ये जागाच नाही असा. कुस्ती लावायला मंडळी आली. नेहमीचे हात हातांत गेले. जत्रेचा ठरलेला फोटोग्राफर म्हणाला, "इकडे बघा." दोन्ही पैलवान शाळेतल्या पोरांसारखे वळून त्याच्याकडे बघू लागले. मग तो नेहमीप्रमाणे पाठ फिरवून गेला, पण मंडळी माझ्या आणि कुस्तीच्या मधोमध गप्पा मारत उभी राहिली. "साहेब, जरा बाजूला व्हा," असं मी म्हणाले, पण तोंडात खडा असल्यामुळे ते काहीतरी वेगळंच ऐकू गेलं असावं. एका साहेबांनी मला नमस्कार केला. शेवटी हलगीवाल्यानेच त्यांना रेटत रेटत बाजूला नेलं.

आणि मी माझ्या नवऱ्याची कुस्ती पहिल्यांदा बघितली.

घरात हा माणूस भांडी घासताना कप फोडतो. इथे त्याचा पाय मातीत असा पडत होता की मातीलाही कळू नये. दोघांनी एकमेकांच्या मानेत हात घातले आणि डोक्याला डोकं लावून नुसते फिरत राहिले. लांबून बघणाऱ्याला वाटेल, काहीच चाललेलं नाही. लेन्समधून मला ह्यांच्या मनगटावरची शीर दिसत होती, कानामागून वाहणारा घाम दिसत होता. हे एकदा पोराच्या पायाला गेले, पोरगा सुटला. पोरगा एकदा मागे गेला, हे सुटले. मला भीती वाटत होती आणि अभिमानही वाटत होता. फोटो निघत होते ते पाठींचे. सरांनी सांगितलं तसं मी उजेडाच्या बाजूला बसले होते, पण ह्यांचं तोंड काही माझ्याकडे येईना.

कुस्ती लांबली. इतकी लांबली की ट्रॉलीवरच्या बायका उभ्या राहिल्या. आणि माझ्या तोंडातली खडीसाखर संपली. ती संपल्याचं मला कळलंसुद्धा नाही. पोरगा खाली वाकल्यासारखा झाला, ह्यांचा चेहरा पहिल्यांदा उन्हात आला, मी बटण दाबून धरलं, आणि इतकी वर्षं लग्नांच्या मांडवात घुमलेला माझा खणखणीत आवाज त्या आखाड्यावर घुमला.

"हं, इकडे बघा."

ह्यांनी बघितलं. हवेतून. पाय वर, डोकं खाली, आणि डोळे थेट माझ्या लेन्समध्ये. मग धप्पदिशी आवाज आला आणि पाठ मातीला लागली.

हलगी जोरात वाजली आणि मध्येच थांबली. ट्रॉलीवरून कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळा आखाडा हसायला लागला. चुलत्यांनी टोपी काढून झटकली, परत घातली आणि "सुनबाई" एवढंच म्हणाले. पोरगा हात वर करून उभा होता. जिंकणाऱ्याला खांद्यावर घेऊन आखाड्याभोवती फिरवायची पद्धत आहे, पण त्याला उचलायला कुणी पुढे झालं नाही. गर्दीतून एकजण म्हणाला, "तू न्हाई पाडलं बाबा. बायकुनं पाडलं." पोराने हात खाली घेतले. बक्षीस त्याने मुकाट्याने घेतलं, पण मानाचा फेटा बांधायला लागले तेव्हा "नको" म्हणाला, शर्ट खांद्यावर टाकला आणि सोबत्यांना घेऊन निघून गेला. हे मातीत बसून त्याच्या पाठीकडे बघत होते. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. आता कशाला बघतील?

घरी येताना मोटारसायकलवर मी त्यांच्या पाठीला म्हणाले, "माझं चुकलं." ते म्हणाले, "खड्डा हाय, नीट बस." मुदखेडपासून नांदेडपर्यंत एवढंच बोलणं झालं. शेवटची कुस्ती होती ती. माणसाने आयुष्यात एक फोटो मागितला आणि मी त्याचं सगळ्या जत्रेत हसं करून ठेवलं. मला रडू आलं, पण हेल्मेटमध्ये रडलं की काच धुरकट होते, म्हणून आवरलं.

सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "दाव ते फोटो."

स्टुडिओत कॉम्प्युटरपुढे ते बसले नाहीत. कमरेवर हात ठेवून उभे राहिले, तालमीत पोरांची लढत बघतात तसे. मी फोटोंची माळ एकेक करून पुढे सरकवत गेले.

"थांब. मागचा दाव." मी मागचा दाखवला. "त्याच्या मागचा." तोही दाखवला. ते पडद्याच्या इतके जवळ गेले की नाक टेकलं. "हे बग. पोराचं डोकं माझ्या काखंखाली गेलंय. आता पुढचा. हां. माझे दोन्ही पाय मातीतनं सुटले. आता माझं तोंड कुठं हाय?"

"खाली. त्याच्या पाठीकडे."

"पुढचा दाव." पुढच्या फोटोत ते पोराच्या खांद्यावर पोत्यासारखे आडवे होते आणि तोंड अजून खालीच. त्याच्या पुढच्या फोटोत मान वळायला लागली होती. आणि त्याच्याही पुढच्या फोटोत ते उलटे, सगळ्या जगापासून सुटलेले, डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होते.

"कलाजंग," हे म्हणाले. काखेखाली शिरून समोरच्याला खांद्यावर उचलायचं आणि पलीकडे टाकायचं, त्या डावाचं हे नाव. "लई सफाईदार मारला. म्या वर गेल्यावर तुझ्याकडं बगितलं. तवर खेळ खलास झालता. तुझ्या हाकंनं काय बी झालं न्हाई." आणि मग माझा नवरा, जो जत्रेपासून हसला नव्हता, तो तोंड भरून हसला. "हे छाप. समदे छाप."

पुढच्या रविवारी आम्ही गावात गेलो. मारुतीच्या देवळाजवळच्या हॉटेलात चुलते आणि त्यांची मंडळी बसलेली असतात. ह्यांनी टेबलावरचे कप बाजूला सारले, फोटो ओळीने मांडले आणि आपण कसे हरलो, हे एकेका फोटोवर बोट ठेवून समजावून सांगायला सुरुवात केली. स्वतःच्या हरण्याचा असा जोरदार पुरावा देणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही. मध्येच उठून त्यांनी हॉटेलवाल्याच्या काखेत डोकं घालून डाव दाखवला.

चुलत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फोटोचं काय सांगतूस. सुनबाईनं पाटलाच्या लेकीला अन् जावयाला बर्फात उभं केलं न्हाई का? ती पोरगी हैदराबादच्या म्होरं गेली न्हाई कधी."

सगळे माझ्याकडे वळले. खरं होतं. त्या अल्बममध्ये मी त्यांच्या मागे डोंगर घातले होते, पायाखाली बर्फ घातला होता आणि वरून हौसेने एक धबधबाही सोडला होता. मी चहाच्या कपात बघायला लागले. आता माझा शब्द कोण खरा मानणार?

हे मात्र डगमगले नाहीत. "आप्पा," ते म्हणाले, "खोटाच फोटो करायचा असता, तर ह्यात म्या खाली कामून राहिलो असतो?"

 चुलत्यांनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि एकेक फोटो उचलून बघितला. मग परत पहिल्यापासून बघितला. त्यांनीही तरुणपणी माती अंगाला लावलेली होती. शेवटी म्हणाले, "हाव. पोरगा खरा जिंकलाय. आपण त्याला खांद्यावर घेतलं न्हाई." ते उठले, घरी गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात जत्रेत बांधायचा राहिलेला तो फेटा होता. "चाकूरला जा," ते ह्यांना म्हणाले. "अन् माझ्या नावानं बांध."

आम्ही गेलो. गावाबाहेर सोयाबीनच्या रानाला लागून पोराचं घर. तो गोठ्यात होता. आम्हाला बघून त्याचं तोंड पडलं. त्याला वाटलं असणार, हे आता बक्षिसाबद्दल काहीतरी बोलायला आले. त्याच्या आईने पाणी दिलं. ह्यांनी तिथेही अंगणातल्या बाजेवर फोटो ओळीने मांडले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. पोरगा आधी लांब उभा होता, मग वाकला, मग जमिनीवरच बसला. मोठा करून छापलेला तो उलटा फोटो त्याने दोन्ही हातांत धरला.

"अण्णा, माझी न्हाई का मग लबाडी?"

"लबाडी कशाची? असला कलाजंग खाऊन थांबायला मिळालं, नशीब म्हण माझं."

पोराने डोळे पुसले, ते आम्हाला दिसू नये म्हणून फोटो वर धरून. थोड्या वेळाने फोटोच्या मागूनच त्याचा आवाज आला, "पर वहिनी, ह्यात माझं तोंड कुठं हाय?"

तोंड नव्हतंच. होती ती त्याची वाकलेली रुंद पाठ, मातीने माखलेली. लग्नाच्या धंद्यात असा फोटो मी एका पक्षाला दिला असता, तर मंगल कार्यालयातून बाहेर काढलं असतं मला.  त्याची आई पदराला हात पुसत आली, तिने फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "मला कळतंय की तूच हाईस. न्हाऊ घातल्याली पाठ हाय ही."

ह्यांनी फेटा बांधला. ह्यांना फेटा बांधता येत नाही. एक टोक कानावर आलं आणि एक डोळ्यावर, पण पोरगा हलला नाही. आई गोठ्याच्या दाराशी उभी राहून बघत होती. ती फोटो भिंतीवर कुठे लावायचा, ते ठरवायला आत गेली आणि परत आली, पुन्हा आत गेली. आमच्या घरी तोच फोटो त्या फेट्यांतल्या कोपराशेजारी लावलेला आहे. ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे भिंतीवर कुस्तीचा फोटो तेवढा एकच आहे आणि बाकीची सगळी मंडळींची हौस.

तर त्या जत्रेपासून मी खडीसाखर सोडली आणि चिंचोक्यावर आले. चिंचोका विरघळत नाही. लातूरच्या सरांना फोन करून मी हे सांगितलं, तेव्हा ते "हां" एवढंच म्हणाले. मिशी हलत असणार.

चाकूरहून निघताना आम्ही मोटारसायकलपाशी आलो, तेव्हा पोरगा मागून पळत आला. फेटा एका हाताने धरलेला.

"वहिनी, एक फोटो काढा की. आमचा दोघांचा. हात धरल्याला."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते पुढे झाले आणि त्यांनी पोराचा हात हातात घेतला. मध्ये कुणी मंडळी नव्हती, वर कुणाचे हात नव्हते. मी बॅग उघडली, ऊन कुठून येतंय ते बघितलं आणि दोघांना गोठ्याच्या भिंतीपासून थोडं पुढे घेतलं. तोंडात काही नव्हतं.

"इकडे बघा," मी म्हणाले.